घरी पाय कोण बघतं?

माणसांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत, पाय राहतात. बाजारात कुणी हसून विचारपूस केली की मी ओशाळून खाली बघते आणि चपलेतून डोकावणारा अंगठा दिसला की लगेच ओळख पटते. अरे, हा तर नऊ नंबरचा पलंग! एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या ड्रेसिंगच्या खोलीत काढली. खोली तळमजल्यावर, जिन्याखाली, आणि तिची एकुलती एक खिडकी कुणीतरी रंग फासून कायमची बंद केलेली. तिथं बघितलेल्या हजारो पायांपैकी एका पायाबद्दल लिहायचं आहे. कारण त्या पायाच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली, आणि एकदा नाही, दोनदा. पहिली चूक मी येईल त्याला सांगत असते. दुसरी एका माणसाशिवाय अजून कुणाला सांगितलेली नाही.

ते केस कापायचे. एका खुर्चीचं दुकान, मालक तेच आणि नोकरही तेच. गिऱ्हाइकं त्यांना कारागीर म्हणत, मीही तेच म्हणू लागले. वय बासष्ट, अंगकाठी सडपातळ, मिशी बारीक कातरलेली आणि सिगारेटच्या धुरानं मधोमध पिवळी पडलेली. पहिल्यांदा आले तेव्हा डाव्या पायाची शेवटची दोन बोटं काळी पडली होती.

"काय केलंत हे?" मी विचारलं.

"काही नाही हो. कुरूप होतं. काढून टाकलं."

"कोणी?"

"मीच. वस्तऱ्यानं."

माझं डोकंच फिरलं. "आणि दुखलं नाही?"

"नाही ना! रक्तसुद्धा फारसं आलं नाही. म्हटलं, हात अजून हलका आहे आपला."

हात हलका होता यात शंकाच नाही. पण दुखलं नव्हतं ते शुगरनं पायाची जाणीव मारून टाकली होती म्हणून, आणि रक्त आलं नव्हतं ते पायापर्यंत पोचतच नव्हतं म्हणून. चाळीस वर्षं लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवताना ज्याच्या हातून साधा ओरखडा उठला नाही, तो स्वतःच्या करंगळीला कशाला भिईल? दुसरा कुणी असता तर कुरूप घेऊन आमच्याकडे आला असता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी असं बोलले तर रागवायचं सोडून ते हसले. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," ते म्हणाले. "दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, सिस्टर. मी भिंत सोडली आणि पाय धरला."

रक्तवाहिन्यांच्या मोठ्या डॉक्टरांनी मांडीतून तार घातली, फुगा फुगवून आतली नळी मोकळी केली आणि दोन बोटं काढली. "कमीत कमी कापा," असं कारागिरांनी त्यांना तीनतीनदा बजावलं होतं. जणू कानाजवळचे केस कापून घ्यायला बसले होते.

आता माझ्या एका खोडीबद्दल सांगते. कुणाचेही टाके काढताना मी मनातल्या मनात स्वतःशी पैज लावते, हा परत येणार की नाही. परत येणं म्हणजे पुन्हा कापायला येणं. इतक्या वर्षांत माझे ठोकताळे बसले होते. शुगर चढीच राहते तो येतो. सिगारेट सुटत नाही तो हमखास येतो, कारण उघडलेली नळी धुरानं पुन्हा बुजते. किडनी थकलेला येतो. ज्याचं पहिल्यांदा थोडंसंच कापलंय तोही येतो, कारण रक्त जिथवर पोचतं तिथवर मागे जावंच लागतं, आज नाही तर चार महिन्यांनी. आणि या सगळ्यांच्या वर एक ठोकताळा. ज्याच्या घरी कुणी नाही तो येतो. स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही, आणि जाणीव गेलेल्या पायाला खिळा टोचला तरी कळत नाही. दुसऱ्या कुणीतरी रोज बघावं लागतं. म्हणून आमच्या फॉर्मवर शेवटची ओळ असायची, घरी पाय कोण बघणार?

"बायको," कारागीर म्हणाले.

बाकी सगळे ठोकताळे त्यांच्या विरुद्ध होते. पण आवाजात असा काही ठामपणा होता, की मी पैज लावली, हा परत येणार नाही. ही माझी पहिली चूक.

दर गुरुवारी ते ड्रेसिंगला येत. मी पट्टी सोडता सोडता बायकोसाठी निरोप द्यायची. "तिला सांगा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवायच्या." पुढच्या गुरुवारी उत्तर हजर. "ती म्हणते, तीस वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय की आंघोळीनंतर पाय पुसा. माझं कधी ऐकलं नाही, आणि सिस्टरनं सांगितलं की लगेच टॉवेल हातात."

मी म्हटलं, बाई मजेशीर दिसते. मग निरोप वाढत गेले.

"ती विचारते, सिस्टरचं लग्न झालंय का?"

"सांगा तिला, नाही झालं, आणि आता करायचंही नाही."

"ती म्हणते, शहाणी आहे."

त्या दिवशी मी घरी जाताना रस्त्यानं एकटीच हसत होते. घरी म्हणजे दोन खोल्या. बहिणीचा फोन आला तर आला. बोलायला कुणी नाही असं मी कधी कुणाजवळ म्हटलं नाही, कारण कधी कुणी विचारलं नाही. पण बुधवारी संध्याकाळी भाजी चिरताना, उद्या कारागिरांच्या बायकोला काय सांगायचं, याचा मी विचार करायला लागले होते. हे कबूल करायला मला आजही लाज वाटत नाही.

एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. स्वतःच्या तोंडानं जे बोलवत नसे ते सगळं या माणसाच्या वतीनं बायको बोलायची. सिगारेटबद्दल विचारलं की ते म्हणत, "दोनच ओढतो दिवसाला." आणि मग जरा थांबून, "ती म्हणते, दोन नाही, सात." मी म्हणायची, जित्याची खोड! एकदा पट्टी गुंडाळून झाली तरी ते उठेनात. म्हणाले, "ती म्हणते, दिवस कसाही जातो. संध्याकाळ फार लांबते."

मी चिमटे उकळत्या पाण्यात टाकत होते. पाठ वळवूनच म्हणाले, "तिला सांगा, माझीही लांबते."

चार महिन्यांनी पायाच्या चवड्याखाली भोक पडलं. रुपयाएवढं, आत पांढरं. त्यावर ते आठवडाभर उभं राहून केस कापत होते. मी फणकारले, "तुमच्या बायकोनं डोळे काय कपाटात ठेवलेत?"

त्यांनी मान खाली घातली. "तिला हल्ली नीट दिसत नाही."

अर्धं पाऊल गेलं. मी हट्टच धरला, तिला इथं आणा, पाय कसा बघायचा ते मी शिकवते. एकदा तिचे गुडघे दुखत होते. एकदा पाहुणे आले होते. एकदा ती इस्पितळाच्या दारापर्यंत आली आणि वासानं परत गेली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तिला सांगा, मी रागावलेय." पुढच्या गुरुवारी ते हळूच म्हणाले, "ती म्हणते, चुकलं." मग मलाच वाईट वाटलं. मी सुती पांढऱ्या मोज्यांचे चार जोड घेऊन दिले. पांढरे अशासाठी की डाग पडला तर अधू नजरेलाही दिसावा.

असं करत दीड वर्ष गेलं. मग लागोपाठ दोन गुरुवारी ते आलेच नाहीत.

शनिवारी दुपारी माझी ड्यूटी संपली तशी मी फाइलमधला पत्ता घेऊन निघाले. इस्पितळापासून चालत वीस मिनिटं. मनात भांडणाची तयारी करूनच गेले होते, त्यांच्याशी नाही, तिच्याशी. दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. शेजारी एक घड्याळं दुरुस्त करणारा बसला होता, डोळ्याला भिंग लावून.

"कारागीर आहेत का?"

"आत असतील. तीनचार दिवस दुकान उघडलं नाही. मी हाक मारली तर म्हणाले, जरा कणकण आहे."

"आणि त्यांची बायको?"

त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. "काकी? बाई, काकी जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी आहे, ती परदेशात असते."

मी तिथंच उभी राहिले. कारागिरांची कीव यायला हवी होती. पण खरं सांगते, मला स्वतःचंच वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला शहाणी म्हणणारी एक बाई भेटली होती, आणि ती भेटायच्या कितीतरी आधीच मेलेली होती. त्या मागोमाग संताप आला. दीड वर्ष हा माणूस मला खेळवत होता! मी वेड्यासारखी निरोप देत होते. फॉर्मवर 'बायको' लिहिलं म्हणून घरी जाऊन बघणाऱ्या नर्सच्या यादीत मी त्यांचं नाव घातलं नव्हतं.

शटरखालून वाकून आत गेले. आरशासमोर ती एक खुर्ची, पुसून लख्ख ठेवलेली. मागच्या पडद्याआड राहायची खोली. एक पलंग, एक ताट, एक पेला. कारागीर पलंगावर पडून होते, अंगात फणफणून ताप. मला बघून उठायला लागले.

"सिस्टर? तुम्ही? बसा, बसा. ती जरा बाहेर गेलीय. येईलच एवढ्यात."

मोजा पांढरा होता. डाग टाचेपासून घोट्यापर्यंत गेला होता, आणि वास तर मी पडद्याबाहेरच ओळखला होता.

"येऊ दे सावकाश," मी म्हणाले. "तोवर मी पाय बघते."

सोमवारी सकाळी वॉर्डात मोठे डॉक्टर त्यांच्या पलंगाशी आले. पाय जाणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न गुडघ्याचा होता. डॉक्टर सरळ बोलणारे, आडपडदा नाही. "गुडघ्याखाली रक्त पोचतंय, पण जेमतेम," ते म्हणाले. "खाली कापलं तर गुडघा वाचेल आणि कृत्रिम पायावर उभं राहता येईल. पण तुमची शुगर आहे, सिगारेट आहे, किडनी थकलीय, आधी दोनदा कापलंय. जखम चिघळायची भीती मोठी. दोनतीन महिने रोज कुणीतरी ती डोळ्यात तेल घालून बघायला हवी, नाहीतर चौथ्यांदा टेबलावर घ्यावं लागेल, आणि ते तुम्हाला झेपेल असं मला वाटत नाही. गुडघ्याच्या वर कापलं तर भरून येण्याची खात्री जास्त. पण मग चाकाची खुर्ची."

"गुडघा ठेवा," कारागीर म्हणाले. "उभा राहिलो तरच दुकान आहे, डॉक्टरसाहेब. बसून कुणाचे केस कापता येत नाहीत."

"घरी कोण आहे?"

"बायको आहे." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "सिस्टर, तुम्ही ओळखता ना यांच्या घरच्यांना?"

कारागिरांची नजर माझ्यावरून हलत नव्हती. शनिवारी मी काही बोलले नव्हते, त्यामुळे मला कळलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. किंवा असेलही.

"घरी कोणी नाही," मी म्हणाले. "बायको सहा वर्षांपूर्वी गेली. एक मुलगी आहे, ती परदेशात."

याबद्दल मला पश्चात्ताप नाही. खोट्याच्या भरवशावर गुडघा ठेवला असता तर माणूसच गेला असता. हे मी शंभरदा स्वतःला समजावलंय आणि ते खरंही आहे.

पण डॉक्टर लगेच लिहायला लागले नाहीत. पेन कागदावर टेकवून थांबले. म्हणाले, "दुसरं कुणी? शेजारी, ओळखीचं, कुणीही चालेल. रोज अर्धा तास."

'मी बघते' हे दोन शब्द माझ्या तोंडाशी आले होते. वीस मिनिटांची वाट. एकतीस वर्षांचा हात. घरी माझी वाट बघणारं कुणी नव्हतं. त्या गावात या कामाला माझ्याहून लायक माणूस शोधून सापडला नसता. आणि मी फाइलची पानं सरळ करत बसले. लोक काय म्हणतील, असं वाटलं का? थोडंसं. जखम माझ्या हाताखाली बिघडली तर, असं वाटलं का? तेही. पण खरं कारण राग होतं. मला फसवलं ना? मग आता भोगा, असं मनात आलं. तेवढाच एक क्षण. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं, गुडघ्याच्या वर.

ही माझी दुसरी चूक.

जखम तीन आठवड्यांत सुरेख भरली. घरी सोडायच्या आदल्या दिवशी वॉर्डात मुलीचा फोन आला आणि कारागीर झोपले होते म्हणून तो मी घेतला. "तुम्ही त्या सिस्टर का?" ती म्हणाली. "बाबा नेहमी सांगतात. तुम्ही रोज घरी येऊन त्यांचे पाय बघता म्हणून मी इथं निर्धास्त असते. तुमचे उपकार कसे फेडू?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मला बायकोचे निरोप मिळत होते तसे तिला माझे मिळत होते.

त्यांच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागले. आता उजवा पाय आहे. एक गेला की दुसऱ्यावर सगळा भार येतो, आणि तिथलीही नळी काही कोवळी नाही. रोज साडेपाचला मी त्यांच्यासमोर स्टुलावर बसते, पाय मांडीवर घेते, बेचक्या बघते, टाच दाबते, तळव्यावर हात फिरवते. सिगारेट मात्र सुटली. डॉक्टरांनी इतकी वर्षं सांगून सुटली नव्हती, ती आपोआप सुटली, कारण दुकानामागच्या पायऱ्या उतरून पानवाल्याकडे जाता येत नाही. दुकान बंदच आहे. एका जुन्या गिऱ्हाइकाला बुटक्या स्टुलावर बसवून त्यांनी एकदा प्रयत्न केला. डोक्याची एक बाजू वर आणि एक खाली झाली. गिऱ्हाईक भला माणूस, छान झालंय म्हणाला. तो गेल्यावर कारागिरांनी कात्री तेल लावून डब्यात ठेवली.

बायकोचे निरोप बंद झाले. त्या सोमवारपासून तिचं नावच नाही. मी पाय बघते, ते भिंतीकडे बघतात. पूर्वी आठवड्यातून एकदा भेटायचो तर बोलणं संपत नसे, आता रोज भेटतो तर सुरू होत नाही. घरी परतताना मी एकटी हसत वगैरे नाही.

मागच्या आठवड्यात टाचेच्या कडेला लालसर ठिपका दिसला. बोट दाबलं की जात होता, म्हणजे वेळ हातातून गेलेली नव्हती. चाकाच्या खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर टाच घासत होती, मी तिथं जाड कापड बांधलं. बांधत असताना वरून आवाज आला.

"त्या दिवशी डॉक्टर थांबले होते."

मी गाठ मारत राहिले.

"दुसरं कुणी आहे का, असं त्यांनी विचारलं होतं," कारागीर म्हणाले. "तेव्हा तुम्ही काहीतरी बोलणार होतात. मी बघत होतो तुमच्याकडे."

खोटं बोलणं फार सोपं होतं. छे हो, काही नाही, असं म्हटलं असतं तर त्यांनी ते मानूनही घेतलं असतं. पण त्या खोलीत तेवढं खोटं पुरे झालं होतं.

"हो," मी म्हणाले. "मी बघते, असं म्हणणार होते."

"मग?"

"म्हटलं नाही. राग आला होता तुमचा."

मग त्यांनी पाय माझ्या मांडीवरून काढून घेतला, वाकून स्वतःच मोजा चढवला, मोज्याची टाच वर आली तरी तसाच ओढला, आणि खुर्ची फिरवून पडद्याआड गेले. मी थोडा वेळ स्टुलावर बसले, मग पिशवी उचलून निघाले.

दुसऱ्या दिवशी जावं की जाऊ नये हे पाच वाजेपर्यंत ठरत नव्हतं. मग टाचेवरचा ठिपका आठवला आणि चपला घातल्या. शटर वर होतं. कारागीर दाराशी खुर्चीत बसले होते, आणि मोजा काढून त्यांनी मांडीवर घडी करून ठेवला होता.